वारसाहक्काने आलेली बंदूक विकताना

वडिलांची बारा बोअरची दुनळी घरात ठेवायची नसेल, तर गिऱ्हाईक शोधण्याआधी त्यांचा शस्त्रपरवाना काढून नीट वाचावा. परवान्यातील शस्त्रक्रमांक नळीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, मुदत कधी संपते आणि परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक मिळाला आहे का, हे आधी पाहावे.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर परवाना आपोआप वारसाच्या नावावर होत नाही. म्हणून बंदूक कपाटात न ठेवता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. अनेक सज्जन कुटुंबे इथेच अडकतात, याचे फार वाईट वाटते. जमा केलेले शस्त्र वारसाला पुढे कायदेशीरपणे विकता येते. ते स्वतःकडेच ठेवायचे असेल, तर मात्र वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा.

किमतीची अपेक्षा ठेवताना बाजार ओळखावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन शस्त्रांची मर्यादा घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि तिसरे शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. त्यामुळे जुनी शस्त्रे विकू पाहणारे वाढले, तर ज्यांच्याकडे आधीच दोन शस्त्रे आहेत असे हौशी गिऱ्हाईक बाजाराबाहेर गेले. वारशाने येणारे शस्त्रही याच दोनच्या मर्यादेत मोजले जाते. जुन्या दुनळीला अपेक्षित भाव येत नाही याचे मोठे कारण हे आहे, आणि ते ठाऊक असले की दुकानदारावर उगाच संशय घेण्याची वेळ येत नाही.

खासगी खरेदीदार मिळाला, तर त्याचा मूळ परवाना स्वतः पाहावा: त्यात या प्रकारच्या शस्त्राची परवानगी आणि एका शस्त्राची जागा शिल्लक असली पाहिजे. त्यानंतर विक्रीचा इरादा आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. पत्र दिल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र खरेदीदाराच्या ताब्यात देऊ नये. हा अवधी विक्री रेंगाळवतो हे खरे, आणि पैसे रोख देणारा माणूस 'बंदूक आधी द्या, कागद मागाहून करू' म्हणू लागला की मोह होतो. तो टाळावा, कारण लेखी न कळवता किंवा ४५ दिवसांआधी केलेल्या विक्रीला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

उरलेली काडतुसेही वेगळी कुणाला देऊ नयेत. त्यांनाही हेच नियम लागू आहेत. व्यवहार झाल्यावर खरेदीदाराच्या परवान्यावर नोंद झाल्याची खात्री करावी, त्या नोंदीची प्रत ठेवावी, आणि जुन्या परवान्यावरील शस्त्र कमी करण्यासाठी परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि एरवी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज द्यावा.