बरे असताना लिहायची वही : मानसिक आजारातून सावरण्यासाठी स्वतःचा स्वास्थ्य आराखडा

मानसिक आजारावरची औषधे डॉक्टर लिहून देतात. परंतु एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंतचे दिवस कसे घालवायचे, आजार पुन्हा डोके वर काढू लागला तर तो कोणत्या खुणेवरून ओळखायचा, आणि निर्णय घेण्याची शक्तीच उरली नाही तर ते कोणी व कसे घ्यायचे, हे औषधाच्या चिठ्ठीवर नसते. ते ज्याचे त्याने लिहून ठेवावे, या विचारातून अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९९७ साली मेरी एलन कोपलंड आणि स्वतः मानसिक आजाराचा अनुभव घेतलेल्या लोकांचा एक गट यांनी ‘वेलनेस रिकव्हरी अ‍ॅक्शन प्लॅन’, संक्षेपाने ‘रॅप’, हा आराखडा तयार केला. पुढील मार्गदर्शन त्याच आराखड्याच्या भागांवर आधारलेले आहे. मात्र त्यातील उदाहरणे आणि कायद्याचा भाग आपल्याकडचा आहे.

हा आराखडा शुभार्थीने, म्हणजे आजारातून सावरणाऱ्या व्यक्तीने, स्वतः आणि स्वेच्छेने लिहायचा असतो. शुभंकराने, म्हणजे काळजी घेणाऱ्या नातलगाने, कितीही मायेने तो लिहून दिला तरी ती सूचनांची यादीच ठरते, आणि अशा याद्या घरोघरी आधीच पुष्कळ असतात. झोप बऱ्यापैकी लागत असेल, वाचलेले लक्षात राहत असेल, अशा काळात एक साधी वही घेऊन बसावे आणि एका बैठकीत ती पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. एकट्याने सुचत नसेल तर स्वमदत गटातील एखाद्या अनुभवी सदस्याबरोबर बसावे. हा आराखडा उपचारांच्या जोडीने वापरायचा आहे. तो लिहिला म्हणून औषधे कमी करणे किंवा थांबवणे हा निर्णय मनोविकारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

पहिल्या पानांवर आजवर ज्या ज्या गोष्टींनी बरे वाटले त्या सर्व लिहाव्यात, मग त्या कितीही क्षुल्लक वाटोत: आकाशवाणी लावून स्वयंपाक करणे, मावशीला फोन करणे, कुंड्यांना पाणी घालणे, डोक्याला तेल लावून घेणे. ‘व्यायाम करणे’ असे मोघम न लिहिता ‘सकाळी सातच्या आत नाक्यापर्यंत चालून येणे’ असे लिहावे, कारण मन खचलेले असताना मोघम वाक्यातून कृती निघत नाही.

त्यानंतर ‘मी बरा असताना किंवा बरी असताना कसा दिसतो, कशी वागते’ याचे वर्णन करावे. हे पान अनेकांना अनावश्यक वाटते. पण मुळातच अबोल असलेल्या माणसाचे गप्प बसणे आजाराचे लक्षण आहे की स्वभाव, हे नव्या डॉक्टरला दुसरे कोण सांगणार? त्याखाली रोज केल्याशिवाय चालणारच नाही अशा चार-पाच गोष्टी लिहाव्यात. झोपेची व उठण्याची वेळ, औषधाची वेळ, दोन वेळचे जेवण आणि घरातील किंवा बाहेरच्या एका तरी माणसाशी बोलणे एवढ्याने सुरुवात पुरेशी होते. लिथियम हे मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरणारे औषध घेणाऱ्यांनी येथे पाण्याची नोंद अवश्य करावी. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधेपर्यंत वेळ येऊ शकते. त्यामुळे निर्जळी उपवास, उन्हातली पायपीट किंवा जुलाब-उलट्या हा त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारण्याचा विषय आहे. अंगदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळीही हे प्रमाण वाढवते, म्हणून ती परस्पर घेऊ नये.

बिघाडाला निमित्त ठरणाऱ्या बाहेरच्या गोष्टींचे पान लवकर भरते. रात्रपाळी, लग्नघरातील जागरण, जवळच्या माणसाच्या मृत्यूची तिथी, ‘अजून नोकरी नाही का’ असे विचारणारे पाहुणे, परीक्षेचा निकाल. प्रत्येकासमोर ‘असे घडले तर मी काय करीन’ एवढे लिहावे. जागरण टाळता येत नसेल तर दुसऱ्या दिवशी कामावर सुट्टी आधीच मागून ठेवणे, हे उत्तर झाले.

खरा वेळ द्यावा तो सुरुवातीच्या खुणांच्या पानाला. या खुणा आतून उमटतात आणि त्या पाठ्यपुस्तकातल्या लक्षणांपेक्षा फार बारीक असतात. कोणी आंघोळ दुपारवर ढकलू लागते, कोणी फोन वाजत असताना त्याच्याकडे नुसते पाहत राहते, कोणाचा चहा गार होतो, कोणाला शेजारच्या घरातील कुजबुज आपल्याविषयीच आहे असे वाटू लागते. उन्मादाकडे, म्हणजे अतिउत्साहाच्या आजारी अवस्थेकडे, झुकणाऱ्या मनाच्या खुणा तर सुखाच्या वेषात येतात: तीन तासांच्या झोपेवर ताजेतवाने वाटणे, रात्री दोनला जुन्या मित्रांना लांबलचक संदेश पाठवणे, एकाच आठवड्यात तीन नव्या धंद्यांचे बेत आखणे. मागच्या आजारपणाच्या आधीचे दोन-तीन आठवडे आठवून, आणि घरच्यांना ‘तुम्हाला सर्वांत आधी काय जाणवले होते’ असे विचारून, हे पान भरावे. उन्मादाची चाहूल बहुधा घरच्यांनाच प्रथम लागते. खुणेसमोर मर्यादाही लिहावी, जसे ‘सलग दोन रात्री झोप चार तासांपेक्षा कमी झाली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करीन आणि एटीएम कार्ड बहिणीकडे देईन’.

खुणा वाढून परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागली, पण अजून स्वतःसाठी काही करता येते, अशा टप्प्यासाठीच्या सूचना थोड्या आणि स्पष्ट असाव्यात, कारण तेव्हा निवड करण्याचे बळ नसते. त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेणे, एकटे न राहणे, घरातील औषधांचा साठा आणि इजा करण्यासारख्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे, या गोष्टी त्यात याव्यात. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील तर हा टप्पा येण्याची वाट न पाहता फोन करावा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ वर.

संकटकाळाचे पान इतरांसाठी असते. कोणती चिन्हे दिसली की निर्णय त्यांनी हाती घ्यावेत, कोणी काय करावे आणि कोणाला बोलावू नये, हे त्यात नावानिशी लिहावे. शेवटची बाब लिहिताना संकोच होतो, पण आजारपणात नको असलेला नातलग उशाशी येऊन बसला की ती न लिहिल्याचा पश्चात्ताप होतो. सध्याची औषधे, पूर्वी ज्यांचा त्रास झाला ती औषधे, पसंतीचे रुग्णालय, मुलांना शाळेतून कोण आणील, वीजबिल व घरभाडे कोण भरील, हेही असावे. मात्र वही म्हणजे कायदेशीर दस्तऐवज नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ५ नुसार प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत याचे आगाऊ निर्देश लेखी देता येतात. स्वतः निर्णय घेण्याची क्षमता नसेल तेव्हाच ते लागू होतात आणि तातडीच्या उपचारांना ते लागू नाहीत. कलम १४ नुसार आपला प्रतिनिधीही साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. तो अठरा वर्षांखालील नसावा आणि त्याची लेखी संमती लागते. आपल्या घरात हा मान आपोआप वडिलांकडे किंवा नवऱ्याकडे जातो. ज्याच्यावर खरोखर विश्वास आहे त्याचेच नाव लिहावे, मग ती मैत्रीण का असेना.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस फार नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कोणाला किती वेळ भेटायचे, कामाच्या ठिकाणी काय व किती सांगायचे, कोणती जबाबदारी कोणत्या क्रमाने परत घ्यायची, हे आधीच ठरलेले असावे. थोडी ताकद आल्यावर प्रतिनिधीबरोबर वही उघडून या वेळी कोणत्या खुणा नोंदीत नसतानाही दिसल्या आणि कोणाला दिलेले काम झालेच नाही, ते तपासून पाने नव्याने लिहावीत, वर तारीख घालावी आणि प्रतिनिधी व डॉक्टर यांच्याकडील जुन्या प्रती परत घेऊन नव्या द्याव्यात.