पायी जाताना गाडीनं उडवलं? ‘मिटवून घेऊ’ म्हणायच्या आधी या चुका टाळा

मामा डेअरीला दूध घालून परत येत होते. मागून मोटारसायकल आली आणि गुडघ्याखालचं हाड मोडून गेली. पोरगा शेजारच्याच गावचा, सोयऱ्यातला. संध्याकाळपर्यंत चार शहाणी माणसं पारावर बसली आणि पंधरा हजारांत मिटलं. बाँडवर ‘माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असं लिहून मामांचा अंगठाही घेतला. पुढं नुसता रॉड टाकायलाच त्याच्या कितीतरी पट पैसे गेले.

आपल्या मराठवाड्यात पहिली चूक होते ती इथंच. ‘गरिबाचं लेकरू आहे, कशाला त्याचं वाटोळं करता?’ ही दया खोटी नसते, पण हिशोब चुकतो. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई सहसा त्या पोराच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा केलाय तो रस्त्यावरच्या तुमच्या-माझ्यासारख्यासाठीच. पोलिसांत गुन्हा नोंदतो हे खरं, पण ती फौजदारी केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा. दया पोरावर करा, कंपनीवर कशाला?

दवाखान्यात ‘पडले’ म्हणणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. केसपेपर काढताना विचारतात, ‘काय झालं?’ घाबरलेला पुतण्या सांगतो, ‘रोडवर पडले.’ कागदावर उतरतं: ‘पडून मार’. वर्षभरानं विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ बोटानं दाखवतो आणि गाडीचा संबंधच नाकारतो. म्हणून पहिल्या मिनिटाला स्पष्ट सांगा: ‘गाडीनं धडक दिली’, आणि नंबर माहीत असेल तर तोही द्या. एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यात होणारी नोंद) झाली का ते विचारा. चुकीचं लिहून गेलंच असेल तर लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या आणि ज्यांनी अपघात पाहिला त्यांचे जबाब पोलिसांत नोंदवून ठेवा.

खर्चाच्या धास्तीनं दवाखाना टाळू नका. २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार बसतात, पायी चालणाऱ्यालाही. ११२ वर फोन करा.

‘आधी बरं होऊ, मग बघू’

पोलीस दवाखान्यात येऊन जबाब घेऊ शकतात. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी झिरो एफआयआर (कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद) होतो. उशीर झालाच तर दावा आपोआप बुडत नाही. फक्त उशीर का झाला (ऑपरेशन, बेशुद्धी, घरी दुसरं कोणी नाही) ते फिर्यादीतच लिहा. मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या भरपाईच्या दाव्याला मात्र कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं आणलेली ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. प्लास्टर निघायची वाट बघत बसू नका.

बीडची ऊसतोड टोळी सांगलीकडं असताना कोणाला ट्रॅक्टरनं उडवलं, तर ‘तारखेला तिकडं कोण जाणार?’ म्हणून लोक दावा सोडून देतात. तशी गरजच नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा टाकता येतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमाच नाही असं निघालं तर मालक स्वतः जबाबदार असतो, दाव्यात त्याला सामनेवाला (प्रतिवादी) करायला विसरू नका. विमा आहे की नाही हे नंबरवरून एमपरिवहन ॲपवर कळतं.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही? ‘हिट अँड रन’ योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडं. हाड मोडणं गंभीर दुखापतीत बसतं.

‘आमच्याकडं पगाराची स्लिप कुठंय?’

सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला मिळाला, त्यावर २५ टक्के लिहिलंय, म्हणून कमाईही २५ टक्केच घटली असं नसतं. न्यायालय काम बघतं. बसून हिशोब लिहिणाऱ्याचा पाय आणि उचल घेऊन कोयता चालवणाऱ्याचा पाय सारखा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतूनच आलंय. पण ते काम तुम्हालाच दाखवावं लागतं: मुकादमाची वही, डेअरीची पावती, सातबारा, बँकेचं पासबुक. घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमालाही पैशात किंमत धरतात. दवाखान्याला नेणाऱ्या जीपचं भाडं, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, मेडिकलची बिलं असं सगळं एका पिशवीत ठेवा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि लोकअदालत. तिथं दोघांच्या तडजोडीनं पटकन निकाल लागतो, पण तडजोडीवर सही झाली की अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाता येतं, तो रस्ता इथं बंद होतो. म्हणून आकडा ऐकला की वकिलाकडून उपचार, बुडालेली मजुरी आणि पुढची कमाई यांचा वेगवेगळा हिशोब मागा.

मामांनी पाचव्या महिन्यात दावा टाकला. कंपनीनं आधी तो बाँड काढला, मग केसपेपर. आता लोकअदालतीत एकरकमी आकडा समोर ठेवलाय. मामा रोज संध्याकाळी पाय लांब करून तो आकडा रॉडच्या बिलाशी ताडून बघतात. सही अजून केलेली नाही.