मत नसलं तरी सही चालते: कॅनडाच्या संसदेत याचिका कशी न्यावी

कॅनडात मताचा अधिकार नागरिकत्वाबरोबर येतो, त्याआधी नाही. संसदेच्या याचिकेचं तसं नाही. कॅनडात राहणारा कोणीही तिच्यावर सही करू शकतो आणि हवं तर स्वतः याचिका सुरू करू शकतो, मग तो पीआरवाला (कायमचा रहिवासी) असो, वर्क परमिटवर असो की कॉलेजात शिकायला आलेला असो. वयाची अट नाही, त्यामुळे शाळकरी पोराची सहीही मोजली जाते. देशाबाहेर राहणाऱ्यांपैकी मात्र फक्त कॅनडाच्या नागरिकांना सही करता येते. बदल्यात काय मिळतं? याचिका हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात, मांडली गेली की सरकारला ४५ दिवसांत लेखी उत्तर देणं बंधनकारक असतं. मागणी मान्य होईलच असं नाही, पण उत्तर मिळतं, ते सार्वजनिक असतं आणि कायम नोंदीत राहतं.

आपल्याकडे ‘याचिका’ म्हटलं की हायकोर्ट डोळ्यांसमोर येतं. इथे कोर्टाचा काही संबंध नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे जो अर्ज जातो, त्याच्या जवळची ही गोष्ट आहे. उलट एखादं प्रकरण कोर्टात चालू असेल, तर त्यावरची याचिका संसद घेत नाही.

आधी दार ओळखा

सर्वांत जास्त श्रम वाया जातात ते इथे. राजधानी ओटावातल्या संसदेत फक्त संघराज्याच्या अखत्यारीतल्या विषयांवरच्या याचिका चालतात: इमिग्रेशन, नागरिकत्व, पासपोर्ट, विमान वाहतूक, बँका, टपाल, आयकर, फौजदारी कायदा, परराष्ट्र धोरण. शाळा, आरोग्य विमा, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरूंचे हक्क हे प्रांतांचे विषय. कचरा आणि पार्किंग नगरपालिकेचे.

आपल्या लोकांच्या नेहमीच्या तक्रारी या चाळणीतून काढून पाहाव्यात. भारतातून आलेल्या डॉक्टरला किंवा इंजिनिअरला परवाना मिळत नाही, हा प्रश्न खरा आहे, पण परवाना देणाऱ्या संस्था प्रांतीय कायद्याखाली येतात. ओटावाला लिहिलंत तर ‘हा प्रांतांचा विषय’ एवढंच उत्तर येईल. शाळेत मराठीचे वर्ग हवेत? तेही स्कूल बोर्डाचं आणि प्रांताचं काम. ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या कार्डाचा) त्रास तर कॅनडाचं कुठलंच सरकार सोडवू शकत नाही, कारण ते कार्ड भारत सरकार देतं. आईवडिलांना दीर्घ भेटीसाठी आणायच्या ‘सुपर व्हिसा’च्या अटी मात्र शंभर टक्के ओटावाच्या हातात आहेत.

मधल्या विषयांत शब्द जपून वापरावे लागतात. ‘टोरोंटो-मुंबई थेट विमान सुरू करा’ ही मागणी कमकुवत आहे, कारण कुठली फेरी चालवायची हे विमान कंपनी ठरवते. दोन देशांमधला हवाई करार हा मात्र सरकारचा विषय. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो करार वाढवला गेला, तेव्हा कॅनडाच्या कंपन्यांसाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद अशी सहा शहरं ठरली. अमृतसर त्यात नव्हतं. म्हणजे अमृतसरवाल्यांना ‘करारात आमचं शहर घाला’ असं नेमकं मागता येतं. मुंबईवाल्यांना तसं मागता येत नाही, त्यांचं शहर आधीच आत आहे.

कागद की संगणक

दोन वाटा आहेत आणि अनेकांना दुसरीच माहीत असते. कागदी याचिकेला २५ वैध सह्या पुरतात, ऑनलाइन याचिकेला ५०० लागतात. ऑनलाइन सोय डिसेंबर २०१५ पासून आहे. केनेडी स्टुअर्ट या खासदाराने मांडलेला प्रस्ताव २०१४ मध्ये अवघ्या दोन मतांच्या फरकाने, १४२ विरुद्ध १४० असा संमत झाला होता. दोन्ही प्रकारांना मिळणारं सरकारी उत्तर एकाच दर्जाचं असतं. म्हणून विषय छोट्या गटाचा असेल तर कागदच बरा. गणेशोत्सवाच्या मांडवात तासाभरात २५ सह्या होतात. ५०० लोकांकडून ई-मेलची लिंक उघडून घेणं हे त्यापेक्षा कितीतरी कटकटीचं काम आहे.

खासगी संकेतस्थळांवरच्या सह्या संसद मोजत नाही, लाखभर असल्या तरी. तिथे सही केल्यावर पैसेही मागितले जातात. संसदेच्या याचिकेला एक सेंटही लागत नाही.

मसुदा

मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लागतो. कुठल्याही एका भाषेत लिहा, ऑनलाइन याचिकेचं दुसऱ्या भाषेतलं भाषांतर संसदच करून घेते. ऑनलाइन मजकुराला २५० शब्दांची मर्यादा आहे. रचना ठरलेली असते: कोणाला उद्देशून (हाउस ऑफ कॉमन्स, कॅनडा सरकार, एखादा मंत्री किंवा खासदार), मग ‘ज्याअर्थी’ अशा थाटातली कारणं आणि शेवटी मागणी. कारणं नसली तरी चालतं, मागणी नसेल तर ती याचिकाच नव्हे.

मागणी लिहिताना एक कसोटी लावावी: मंत्र्याला ‘आम्ही याची दखल घेत आहोत’ म्हणून सुटता येईल का? ‘पालकांच्या व्हिसाकडे लक्ष द्यावे’ या वाक्यावर तो सहज सुटतो. ‘सुपर व्हिसासाठी लागणाऱ्या किमान उत्पन्नाची अट अमुक प्रकारे बदलावी’ असं लिहिलं तर त्याला होय, नाही किंवा का नाही यांपैकी काहीतरी लिहावं लागतं. मागण्या एक-दोनच ठेवा. सात मागण्या घातल्या की उत्तर देणारा सर्वांत सोपी निवडतो आणि तीवर दोन पानं लिहितो.

भाषा सभ्य हवी. कोणा व्यक्तीवर चिखलफेक, न्यायाधीशांवर आरोप, मजकुरात वेबसाइटची लिंक किंवा सोबत जोडपत्रं असली तर याचिका परत येते. मोर्च्यातल्या निवेदनाचा आवेश इथे उपयोगाचा नाही.

ऑनलाइन याचिकेचा प्रवास

हाउस ऑफ कॉमन्सच्या याचिका-संकेतस्थळावर आधी शोध घेऊन पाहा, तोच विषय कोणी मांडला असेल तर सरकारचं जुनं उत्तर तिथेच वाचायला मिळतं. त्याच्या पुढचा प्रश्न विचारता आला तर तुमची याचिका धारदार होते. मग खातं उघडायचं, मजकूर भरायचा आणि समर्थकांची नावं व ई-मेल द्यायचे. किमान पाच, जास्तीत जास्त दहा. पाच चालतात म्हणून पाचच देऊ नका. त्यांतल्या एकाचा ई-मेल स्पॅममध्ये गेला की सगळं तिथेच अडतं. दहाही द्या आणि प्रत्येकाला आधी फोन करून सांगा.

पाच जणांनी होकार दिला की याचिका तुम्ही निवडलेल्या खासदाराकडे जाते. तो तुमच्याच मतदारसंघाचा असला पाहिजे असं नाही. ३४३ खासदारांमधून या विषयात रस असलेला शोधा: संबंधित समितीचा सदस्य किंवा विरोधी पक्षाने त्या खात्यावर नजर ठेवायला नेमलेला ‘टीकाकार’. मंत्र्याला विचारू नये, कारण उत्तर द्यायचं त्याच्याच सरकारला असतं. खासदाराकडे ३० दिवस असतात. त्याने नाही म्हटलं किंवा गप्प राहिला तर दुसरा निवडता येतो, आणि असे पाच खासदार हातचे गेले की याचिका तिथेच संपते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्याच्या कार्यालयात फोन करून विचारणं शहाणपणाचं. याचिका पुढे नेणं म्हणजे तिच्याशी सहमत असणं नव्हे, हा संसदेचा जुना संकेत आहे. खासदार कां-कूं करत असेल तर नम्रपणे त्याची आठवण द्यायला हरकत नाही.

नंतर याचिका-लिपिक हा संसदेचा अधिकारी नियमांनुसार तपासणी करतो, भाषांतर होतं आणि याचिका सह्यांसाठी खुली होते. मुदत सुरुवातीलाच निवडावी लागते: ३०, ६०, ९० किंवा १२० दिवस. सुरू करणाऱ्याचं नाव आणि गाव याचिकेवर दिसतं. सही करणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, प्रांतवार आकडा तेवढा दिसतो. ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाहनात ठळक लिहा. परमिटवर असलेली अनेक मंडळी नाव उघड होईल या धास्तीने सही टाळतात.

आणि सह्या गळतात कुठे? फॉर्म भरल्यावर एक ई-मेल येतो. त्यातली लिंक दाबल्याशिवाय सही धरली जात नाही. लोक फॉर्म भरून ‘झालं’ म्हणतात आणि ती मेल तशीच पडून राहते. आवाहनातच लिहा: स्पॅम बघा, लिंक दाबा. नवरा-बायकोने आपापला वेगळा ई-मेल वापरावा. ५०० हव्या असतील तर ६५०-७०० माणसांकडून फॉर्म भरून घेण्याची तयारी ठेवा.

कागदावर करायची असेल तर

साधा लेटर आकाराचा कागद घ्या, म्हणजे सुमारे २१.६ बाय २८ सेंटिमीटर. पहिल्या पानावर पूर्ण मजकूर, पुढच्या प्रत्येक पानावर निदान विषय. सही खरी, शाईची. फोटोकॉपी, चिकटवलेली किंवा ‘घरच्यांच्या वतीने मीच केली’ अशी सही बाद होते. छापलेल्या मजकुरात खाडाखोड केली, पांढरी शाई लावली की पूर्ण कागद बाद, म्हणून चूक दिसली तर नव्याने छापा. पत्त्याच्या रकान्यात गाव आणि प्रांत हवेत.

पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा उत्साहाने सही करतात आणि पत्ता कोथरूडचा लिहितात. ती सही मोजली जात नाही. म्हणून २५ ऐवजी ५० गोळा करा. सह्या घेण्याआधी मसुदा खासदाराच्या कार्यालयाला दाखवून याचिका-लिपिकाकडून तपासून घ्यावा, नाहीतर सगळ्या सह्या झाल्यावर शब्दरचना चुकल्याचं कळतं. पूर्ण झालेले मूळ कागद खासदाराला ओटावाच्या पत्त्यावर पाठवता येतात: हाउस ऑफ कॉमन्स, ओटावा, के१ए ०ए६. त्या पत्त्यावर खासदारांना पाठवलेल्या पत्राला तिकीट लागत नाही.

कॅलेंडर बघून चाला

सह्या प्रमाणित झाल्या तरी घड्याळ सुरू होत नाही. ४५ दिवस मोजायचे ते खासदाराने याचिका सभागृहात मांडली त्या दिवसापासून, आणि किती दिवसांत मांडायची याला बंधन नाही. कामकाजात यासाठी रोज जास्तीत जास्त १५ मिनिटं असतात आणि चर्चा होत नाही. खासदार दोन वाक्यांत विषय सांगून खाली बसतो. पाळी येत नसेल तर तो ती न बोलता लिपिकाच्या टेबलावरही देऊ शकतो. उशीर होतोय असं वाटलं तर त्याच्या कार्यालयाला ही वाट सुचवा.

सभागृह साधारण जूनअखेर उठतं आणि सप्टेंबरच्या मध्याला भरतं. जूनमध्ये मांडलेल्या याचिकेचं उत्तर बहुधा सप्टेंबरातच हाती येतं. खरा घात निवडणूक करते. संसद विसर्जित झाली की खुल्या याचिका बंद होतात, सरकारचं थकलेलं उत्तर देण्याचं बंधन संपतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. १७ डिसेंबर २०२४ ला उठलेलं सभागृह आधी अधिवेशन स्थगितीमुळे आणि मग २३ मार्च २०२५ च्या विसर्जनामुळे थेट २६ मे २०२५ ला भरलं. इलॉन मस्क यांचं कॅनडाचं नागरिकत्व काढून घ्या म्हणणारी याचिका त्याच फेब्रुवारीत चार्ली अँगस या खासदारामार्फत खुली झाली होती. साडेतीन लाखांहून जास्त सह्या झाल्या, पण संसदच उरली नाही. अल्पमतातलं सरकार असेल तर १२० दिवसांचा मोह टाळावा, ३० किंवा ६० घ्यावेत.

आकड्याचा मोहही टाळावा. २०२३ च्या अखेरीस तातडीने निवडणूक घ्या म्हणणाऱ्या ई-४७०१ या याचिकेवर ३ लाख ८० हजारांहून जास्त सह्या झाल्या. निवडणूक झाली ती २८ एप्रिल २०२५ ला. ५०१ सह्यांना आणि चार लाखांना नियमाने मिळतं ते एकच: उत्तर. कुठला महिना कोणत्या समाजाचा ‘वारसा महिना’ हेदेखील याचिकेने ठरत नाही. नोव्हेंबर हा हिंदू वारसा महिना झाला तो २०२२ मध्ये चंद्र आर्य या खासदाराने मांडलेल्या प्रस्तावामुळे.

उत्तर आल्यावर

उत्तर संकेतस्थळावर याचिकेखालीच येतं. त्यातलं बरंचसं सरकारने आजवर काय केलं याचं कौतुक असतं, ते ओलांडून क्रियापदं शोधा. ‘विचाराधीन’, ‘कटिबद्ध’ यांना वजन नाही. ‘अमुक नियम अमुक कलमाखाली ठरतो’, ‘अमुक बदल केला जाणार नाही’ अशी वाक्यं कामाची, कारण पुढचा प्रश्न त्यांवर बांधता येतो. सरकारने ४५ दिवसांत उत्तरच दिलं नाही तर त्या अपयशाचा विषय आपोआप संसदीय समितीकडे जातो.

उत्तर गुळमुळीत असेल तर त्याच खासदाराला लेखी प्रश्न विचारायला सांगा. त्या प्रश्नालाही ४५ दिवसांत उत्तर मागता येतं, आणि आकडे हवे असतील तर लेखी प्रश्न हे याचिकेपेक्षा नेमकं हत्यार आहे. एखाद्या वेळी असे चारच प्रश्न खासदाराच्या नावावर राहू शकतात, म्हणून प्रश्न तयार लिहूनच न्या. खात्याची कागदपत्रंच हवी असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क पाच डॉलर, मूळ मुदत ३० दिवस, आणि कॅनडात हजर असलेल्या कोणालाही तो करता येतो. आजी-आजोबांनाही.