ट्रेनी इंजिनिअरसाठी मोटर स्टार्टरचा पाच दिवसांचा कोर्स कसा आखावा

ट्रेनिंग विभागात नव्याने आलेला माणूस सहसा चार दिवस वायरिंगला देतो आणि फॉल्ट शोधायला जेमतेम अर्धा दिवस उरतो. डिग्रीवाल्यांना ड्रॉइंग वाचता येतं. बंद पडलेल्या पॅनेलसमोर मात्र हात चालत नाही. म्हणून दोन दिवस डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा स्टार्टर), एक दिवस स्टार-डेल्टा (आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टात नेणारा) आणि शेवटचे दोन दिवस फक्त फॉल्ट.

बॅच 16 जणांची, बोर्ड आठ. एका बोर्डावर तिसरा आला की तो नुसता बघत राहतो. बोर्डावर एमसीबी (जास्त करंटला तुटणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळतीच्या करंटला तुटणारा स्विच), 230 व्होल्ट कॉइलचा कंटॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोटरचा स्विच), ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट घेऊ लागली की तिला बंद करणारा) आणि स्टार्ट-स्टॉपची दोन पुशबटणं. आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू देऊ नका: एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आला तर ती ट्रिप होईलच असं नाही. स्क्रू सैल करण्याआधी मेन बंद आणि मीटरने खात्री.

पहिल्या दिवशी मोटर जोडूच नका, फक्त कंट्रोल सर्किट, म्हणजे बटणं आणि कॉइलची वायरिंग. ठरलेल्या चुका इथेच दिसतात. होल्डिंगचा 13-14 (बटण सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा कंटॅक्टरचाच कंटॅक्ट) जोडलाच नाही, तर बटण सोडताच कंटॅक्टर पडतो, म्हणजे सुटतो. तोच स्टार्ट आणि स्टॉप दोन्हींना मिळून पॅरलल लावला, तर स्टॉप दाबून काही होत नाही; ही चूक धोक्याची, मुद्दाम करून दाखवा. 230 ची कॉइल दोन फेजमध्ये लावली की जळते, तेव्हा दोन-तीन कॉइल जास्तीच्या मागवा.

स्टार-डेल्टासाठी छोटी मोटर चालत नाही. 1 एचपीची मोटर बहुधा स्टारमध्येच 415 व्होल्टची असते. सहा टोकं बाहेर आलेली, नेमप्लेटवर 415 डेल्टा लिहिलेली 3 एचपीची मोटर घ्या. ओव्हरलोड मेन लाइनवर नसून वाइंडिंगच्या बाजूला (डेल्टाच्या आत) असेल तर सेटिंग फुल लोड करंटच्या 58 टक्के. पूर्ण आकड्यावर ठेवलं तर मोटर तापेल, रिले गप्प राहील.

फॉल्ट मेन बंद करून घाला: 95-96 ची (ओव्हरलोड रिलेच्या, कॉइलच्या वाटेतल्या कंटॅक्टची) वायर सैल, होल्डिंगच्या कंटॅक्टमध्ये कागद, एक फेज गायब. शेवटचा सगळ्यात शिकवणारा. कॉइल ज्या फेजवर आहे तोच गेला तर कंटॅक्टर ओढतच नाही. दुसरा गेला तर ओढतो, पण मोटर नुसती गुणगुणते. काही सेकंदांत बंद करा.

मीटर हातात घेण्याआधी अंदाज कागदावर लिहून घ्या. गुण त्यालाच जास्त. नाहीतर वायरी हलवत बसतात आणि फॉल्ट नशिबाने सापडतो. परीक्षा एकेकट्याची, दोन फेऱ्यांत, फॉल्टला 20 मिनिटं. मीटरचे फ्यूज जास्तीचे ठेवा. ओहमवर ठेवून लाइव्ह तपासणारा प्रत्येक बॅचमध्ये निघतोच.