आजीची अंगठी जुनी आहे का, हे कसे तपासावे

ठाण्यात जांभळी नाक्याच्या किंवा राम मारुती रोडच्या सराफाकडे वारशाची अंगठी नेण्यापूर्वी ती घरीच दहापट भिंगाखाली पाहावी.

झीज सर्वाधिक बोलकी असते. वर्षानुवर्षे वापरलेल्या अंगठीची कडी तळहाताच्या बाजूला पातळ होते आणि तिच्या कडा गुळगुळीत होतात. मुद्दाम जुनी भासवलेल्या अंगठीवर मात्र ओरखडे सगळीकडे सारखेच असतात आणि खोबणींतला काळपटपणाही एकसारखा दिसतो. माप वाढवताना दिलेला डाख (धातू वितळवून केलेला जोड) दिसला, तर घाबरू नये. तो बहुधा वापराचाच पुरावा असतो.

शिक्का नसेल तर अंगठीत खोट आहे, असा एक गैरसमज फार पसरला आहे. भारतात सोन्याचे हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा शिक्का मारणे, 2000 साली सुरू झाले आणि एचयूआयडी हा प्रत्येक दागिन्याचा वेगळा, सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक 2021 मध्ये आला, त्यामुळे शिक्का नसणे हा जुन्या अंगठीचा दोष नव्हे. उलट शंभर वर्षांची म्हणून दाखवलेल्या अंगठीवर एचयूआयडी असेल, तर विक्रेत्याला खुलासा विचारावाच. इंग्लंडमधील अंगठीवर बिबट्याचे मुख हा लंडनचा, तर जहाजाचा नांगर हा बर्मिंगहॅमचा शिक्का असतो.

टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढताना एक्स-रे यंत्र केवळ पृष्ठभाग वाचते, म्हणून मुलामा ओळखण्यासाठी घनताही मोजून घ्यावी: बावीस कॅरेटची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण 17.7 ग्रॅम भरते. खडे जडवलेले असतील, तर हे मोजमाप फसते.