२५ किलोनंतर डुकरांची वाढ अडली होती, लायसिननं सुटली (माझा अनुभव)

पिल्लं २५ किलोपर्यंत झकास वाढली, पुढं खायची भरपूर पण वजन सरकेना, केस राठ, पोट मोठं आणि पुठ्ठे चपटे. जंताचं औषध दोनदा झालं, टॉनिक झालं, मग शेंगदाणा पेंड वाढवली तर शेण पातळ आणि गोठ्यात डोळे चुरचुरतील असा वास. दीड महिना नुसतं डोकं फिरलं.

घोळ असा, की खाद्यात प्रोटीन १६ टक्के होतं पण मका आणि शेंगदाणा पेंड दोन्हीत लायसिन (प्रोटीन ज्यापासून बनतं त्यातला एक गरजेचा घटक) कमी, आणि ते कमी पडलं की बाकीचं प्रोटीन मांसात न जाता लघवीतून बाहेर, वास त्याचाच.

आता १०० किलो खाद्याला मका भरडा ६६ किलो, सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड) २२, गव्हाचा कोंडा ९.७, मिनरल मिक्श्चर दीड किलो, मीठ अर्धा किलो, एल-लायसिन एचसीएल (लायसिनची पावडर) ३०० ग्रॅम. लायसिन डायरेक्ट ढिगात टाकू नका, आधी २ किलो बारीक भरड्यात, मग ते १० किलोत, मग सगळ्यात. जुनं खाद्य पाच दिवसांत हळूहळू बंद केलं. डीओसी नीट भाजलेलीच घ्या, कच्च्या सोयाबीननं पचन बिघडतं. तिसऱ्या आठवड्यात काटा हलला, पुठ्ठे भरायला लागले.