पाऊस यायच्या आधी पातेरा जाळू नका, जांभ्याकडे द्यायला काही उरलेलं नाहीये

मे संपत आला की आमच्या रत्नागिरीकडे एकच उद्योग, बागेतला पातेरा (गळलेली सुकी पानं) ओढायचा, ढीग करायचा आणि काडी लावायची. काजू वेचायला खालची जागा साफ लागते मान्य, वणव्याची भीती पण खरी, पण यंदा जरा थांबा.

आपल्या जांभ्याच्या, म्हणजे ह्या लाल दगडाच्या, खालचा दगड तोच काळा बेसाल्ट जो देशावर आहे, फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि तिथून १०० किलोमीटरच्या आत फलटणला ५०० च्या आसपास, तिकडे दगड झिजला तरी त्यातला चुना वाहून न्यायला पाणीच नाही म्हणून भेगाळणारी काळी माती झाली. आपल्याकडे पाणी मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, हलकं आंबट होतं, त्यात मुळं आणि बुरशी स्वतःची आम्लं सोडतात, वरून उष्णता, आणि उतारावर पाणी थांबत नाही म्हणजे जे सुटलं ते गेलं आणि दगडावर परत नवं पाणी. लाखो वर्षं हे चाललं की पोटॅश, चुना जातोच पण सिलिका पण जाते, मागे राहतं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. थोडक्यात गंज.

मग त्याच जांभ्यावर देवराईत एवढी झाडं बिनखताची कशी उभी? तर त्यांचं जेवण दगडात नाही, पातेऱ्यात आहे. पान पडतं, कुजतं, मुळं वरच्यावरच ते परत ओढून घेतात. म्हणून तर पूर्वी वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, झाडी तोडून नाचणी-वरी दोन-तीन वर्षं घ्यायचे आणि मग पड टाकायचे, पुढे जमीन देतच नव्हती.

राखेत पोटॅश आणि चुना असतो हे खरंय, भाजावळीचा तरवा (पालापाचोळा जाळून भाजलेल्या जागेवरची भाताची रोपं) उगीच चांगला येत नाही, पण उतारावरच्या बागेत पहिल्याच सरीला ती राख पऱ्यात (ओढ्यात) जाते. तेव्हा पातेरा आळ्यात पसरा, बुंध्यापासून हातभर लांब नाहीतर वाळवी लागते, वर थोडी माती आणि उंदीरमारीचा (गिरीपुष्पाचा) पाला टाका. वणव्यासाठी बागेच्या कडेने १० फूट पट्टा साफ ठेवा, तो पातेरा पण जाळायचा नाही, आत ओढायचा.

खताचं म्हणाल तर ही माती पोटॅश धरून ठेवत नाही, आंब्याला मी तरी अर्धं जूनमध्ये आणि अर्धं पाऊस ओसरल्यावर देतो, काजूला ऑगस्टात. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उलटं, लोखंड-अ‍ॅल्युमिनियम त्याला असं पकडतं की झाडाला मिळत नाही, म्हणून ते बागभर विस्कटू नका, शेणखतात मिसळून मुळांजवळ द्या, किंवा रॉक फॉस्फेट वापरा, आंबट मातीत ते हळूहळू विरघळतं.

चुना टाकायचा तर अंदाजाने नाही, सामू (मातीचा pH) बघून, आणि चुना आणि युरिया एका दिवशी कधीच नाही, युरियातलं नत्र (नायट्रोजन) हवेत जातं, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. माती तपासायला अर्धा किलो नमुना आत्ताच काढा कारण एकदा पाऊस लागला की चिखलच, आणि नमुना जुन्या राखेच्या जागेवरून घेऊ नका, रिपोर्ट खोटाच छान येतो.